पंचवीस वर्षं जुनी, न वापरलेली

सरकारी नोकरीत मी पुष्कळ व्याख्या लिहून घेतल्या आहेत. कुटुंब कशाला म्हणायचं, सुधारित चूल कशाला म्हणायचं, भूमिहीन कोण आणि अल्पभूधारक कोण. त्या सगळ्या एकेका बैठकीत उरकल्या. गोधडीला मात्र चार बैठका लागल्या, आणि चौथ्या बैठकीनंतर गोधडी म्हणजे काय हे समितीत कुणालाच ठाऊक राहिलं नाही.

एकसष्ट सालची गोष्ट. मी कळंबच्या विकास खंडात ग्रामसेविका होते. माघातल्या जत्रेला जोडून एक प्रदर्शन भरवावं असा कागद वरून आला. त्यात भाजीपाला होता, कोंबड्या होत्या आणि शेवटच्या ओळीत ‘महिलांची पारंपरिक हस्तकला’ होती. बीडीओ साहेबांनी कागद वाचला, माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, “बाई, महिला तुमच्याकडे.” कोंबड्या त्यांनी स्वतःकडे ठेवल्या. कोंबड्या वाद घालत नाहीत.

हस्तकला म्हणून आम्ही गोधडी निवडली, कारण ती घरोघरी असते. समिती तिघांची. अध्यक्ष सदाशिवराव, निवृत्त हेडमास्तर. मूळचे सावरखेड्याचे, पण शिकल्यापासून कळंबात. अक्षर मोत्यासारखं, आणि तारीख न घातलेला कागद दिसला की यांचा दिवस खराब जायचा. दुसरे रामलालशेठ, कापडाचे व्यापारी. कापड हातात घेऊन ते कुठल्या सालचं हे सांगायचे आणि सहसा चुकायचे नाहीत. तिसरी मी, लिहून घ्यायला. पहिलं बक्षीस रामलालशेठनी दिलं होतं, ते म्हणजे एक नवंकोरं हातमशीन. हातशिलाईच्या गोधडीला बक्षीस शिवणयंत्र, यात काही विचित्र आहे असं समितीत कुणालाच वाटलं नाही. मलाही नाही, खरं सांगते. मला त्या मशीनपुढे एकच माणूस दिसत होतं, सावरखेड्याची नलू.

नलू एकोणीस वर्षांची. लहानपणीच्या तापात डावा पाय गेलेला. कापूस वेचायला उभं राहता येत नाही, निंदणाला बसलं तर उठवत नाही. पायानं चालवायचं मशीन तिच्या कामाचं नाही, पण हातानं फिरवायचं असलं तर ती गावभराच्या चोळ्या-झबली शिवून आपलं पोट भरील, हे मी तिच्या आईला दोन वर्षं सांगत होते. तिची आई तुळसाबाई. बौद्ध वस्तीतली, छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेल्यांतली. सावरखेड्यात कुणाला गोधडी घालायची असली की तिलाच बोलावणं जायचं. मीच तिला म्हटलं, “तुळसाबाई, तुमची घरची गोधडी आणा. मशीन तुमच्या नलूचंच.” जीभ उचलायची आणि टाळ्याला लावायची, याला सरकारात प्रचार म्हणतात.

पहिल्या बैठकीत सदाशिवरावांनी तासभर आपल्या प्राचीन वस्त्रपरंपरेवर बोलून घेतलं. दुसरीत त्यांनी ‘प्रत्यक्ष कारागिरांचं मत’ घ्यायचं ठरवलं, म्हणून मी दोघींना बोलावलं. एक तुळसाबाई आणि दुसरी तांड्यावरची मानीबाई. मानीबाईच्या घरचे आजोबा-पणजोबा बैलांच्या पाठीवर मीठ लादून देशभर फिरले. आता तांडा एका जागी बसला होता आणि ज्वारी-कापूस करत होता. मानीबाईच्या गोधडीवर आरसे होते, कवड्या होत्या आणि चार कोपऱ्यांना चार गोंडे होते.

“जुन्या कापडाची थे गोधडी,” तुळसाबाई म्हणाली. “नव्याची केली तं तो लेप. लेकराची असली तं दुपटं.”

“आमच्या तांड्यात आरसा-कवडी नाही लावली तं तिले गोधडी नाही म्हणत,” मानीबाई म्हणाली. “पोतं म्हणते.”

“अन् टोचत नाही काय वं रातच्याले?”

“ज्याले टोचते त्यानं कूस बदलावं.”

मग टाक्यावरून जुंपली. तुळसाबाईचं म्हणणं, धागा काठापासून सुरू करायचा आणि शेतात वखर फिरवतात तसा फिरवत आत मध्यापर्यंत न्यायचा; बाकी सगळं म्हणजे नुसतं टाचण. मानीबाईचं म्हणणं, धागा सरळ रेघेत जायला पाहिजे, गोल गोल फिरतो तो घाण्याचा बैल. दोघींनी एकमेकींची गोधडी हातात घेतली, उलटी करून पाहिली आणि नाक मुरडून परत दिली. मला वाटलं होतं, व्याख्यांचा रोग फक्त आम्हा कागदवाल्यांना असतो. तो बायांनाही होता. फक्त त्यांना निदान शिवता येत होतं.

सदाशिवरावांनी हे सगळं शांतपणे ऐकलं आणि त्यातला एक शब्दही घेतला नाही. चौथ्या बैठकीत मी त्यांच्या सांगण्यावरून लिहिलं ते असं: पारंपरिक गोधडी म्हणजे जुन्या कापडाची, हातशिलाईची, किमान पंचवीस वर्षं वयाची, स्वच्छ व न वापरलेली.

मी विचारलं, “सर, पंचवीस वर्षं जुनी आणि न वापरलेली कशी असेल?”

“नीट ठेवली तर असेल,” ते म्हणाले.

जिथं थंडीच पडत नाही अशा एखाद्या गावात असेलही. पण शेवटचे ते दोन शब्द कुठून आले हे मला प्रदर्शनाच्या दिवशी कळलं. सदाशिवरावांच्या घरून त्यांच्या पत्नी मैनाबाईंची गोधडी आली होती. घडीही मोडली नव्हती. नवं कापड आधी कापून तुकडे केलेले आणि मग ते तुकडे पुन्हा जोडलेले. रामलालशेठनी ती हातात घेतली आणि त्यांच्यातला दुकानदार जागा झाला. “हा छाप माझ्या दुकानचा,” ते चारचौघांत म्हणाले, “मागच्या दिवाळीचा माल. धुऊन पाहा, रंग उतरला तं पैसे वापस.” सदाशिवरावांनी घाईनं घसा साफ केला. घरच्या पेटीतली म्हणून आणलेली गोधडी मागच्या दिवाळीत जन्मली, हे मंडपात सगळ्यांना कळलं, फक्त समितीनं ते ऐकलं नाही.

मानीबाईची गोधडी आरशांमुळे गेली. आरसे ही सजावट, आणि सजावट व्याख्येत नव्हती. मानीबाई म्हणाली, “मास्तर, तुमची टोपी बी डोक्याले सजावटच हाये.” तिला खाली बसवण्यात आलं.

मग तुळसाबाईची पाळी आली. तिची गोधडी जाड होती. दोन माणसांना धरून उलगडावी लागली. टाके इतके बारीक आणि एकसारखे की रामलालशेठनी चष्मा काढून पाहिलं. पण वरचं कापड नवं होतं. निळं लुगडं, फार तर चार-पाच वर्षांचं.

“हे पारंपरिक नाही,” सदाशिवराव म्हणाले. “आणि मला एक सांगा, तुम्ही लोकांनी तर परंपरा सोडली ना? धर्मच बदलला, मग परंपरा कुठली उरली?”

“देव सोडले मास्तर,” तुळसाबाई म्हणाली. “थंडी नाही सोडली.”

मागं कुणीतरी हसलं. सदाशिवरावांना हसणाऱ्या वर्गाची सवय नव्हती. ते ताठ झाले. “वय किती या गोधडीचं?”

“वरतून चार वर्स. अंदरून मले नाही माहीत. माह्या सासूनं घातली, तिच्या सासूची अंदर घेऊन. आमच्यात फाटली म्हणून कोणी फेकत नाही. वरतून एक थर चढवाचा, अन् पुन्हा पांघराची.”

हे मला ठाऊक होतं, आमच्याकडच्या प्रत्येक बाईला ठाऊक असतं. गोधडी मरत नाही, तिच्यावर दुसरी घालतात. पण व्याख्येत वय लिहिलेलं, आणि वयाला पुरावा लागतो.

“सिद्ध करा,” सदाशिवराव म्हणाले. “उसवून दाखवा.”

तुळसाबाईनं गोधडीवर हात ठेवला. “नाही,” ती म्हणाली. एवढंच. आणि मंडपाच्या खांबाला टेकून बसलेल्या नलूकडे तिनं पाहिलं. नलू टेबलावरच्या मशीनकडे पाहत होती. सकाळपासून ती दुसरीकडे कुठं पाहतच नव्हती. त्याच्या चाकाची मूठ लाकडी होती, आणि नलूचा उजवा हात मांडीवर आपोआप गोल फिरत होता.

इथं मी जे केलं त्याची मला आजही लाज वाटते. मी तुळसाबाईजवळ गेले आणि हळूच म्हटलं, “एक कोपरा फक्त. नलूसाठी.” तिनं माझ्याकडे पाहिलं. ती का घाबरते आहे हे मला विचारता आलं असतं. मी विचारलं नाही. मला निकाल लागायला हवा होता.

“कोपरा,” ती म्हणाली आणि हात काढला.

रामलालशेठनी खिशातून ब्लेड काढलं. तेवढ्यात मानीबाई उठली, पुढं आली आणि त्यांचा हात बाजूला सारून तुळसाबाईच्या शेजारी फतकल मारून बसली. “बिलेड नोको,” ती म्हणाली. “टाका कापला तं कपडा बी कापते.” कानातली काडी काढून तिनं एकेक टाका उचलायला सुरुवात केली. ज्या टाक्याला तिनं घाण्याचा बैल म्हटलं होतं तोच टाका ती आता असा सोडवत होती की धागा आख्खा बाहेर यावा. तुळसाबाई दुसऱ्या बाजूनं बसली.

निळ्याखाली जाड पांढरं निघालं. रामलालशेठनी बोटांत चोळलं. “कंट्रोलचं. लढाईतलं. पंधरा-सोळा वर्स.”

“अपुरं,” सदाशिवराव म्हणाले.

कोपरा म्हणता म्हणता आता अर्धी गोधडी उसवली होती. त्याखाली धोतर. “माह्या सासऱ्याचं,” तुळसाबाई म्हणाली. “यात तो बिमार होता.” रामलालशेठ म्हणाले, वीस-बावीस. सदाशिवराव पुन्हा म्हणाले, अपुरं. आता पुढं जमलेली माणसंही मोजायला लागली होती; कुस्तीच्या फडात बघतात तशी ती बघत होती. गोधडी अर्ध्याहून अधिक उसवली. थरावर थर जमिनीवर पडत होते आणि प्रत्येकावर आधीच्या टाक्यांच्या भोकांची नक्षी तशीच राहिली होती. धोतराखालच्या थराला हात घालताना तुळसाबाई थांबली.

“बस झालं आता, मास्तर,” ती म्हणाली. “माना ना.”

“पुरावा अर्धवट मानता येत नाही.”

मग तिनं तो थर स्वतःच उलटला. आत हिरवं लुगडं होतं. विटलेलं, पण रुंद लाल काठ अजून लालच होता. त्याला कुठं फाटलेलं नव्हतं. नेसून झिजलेलं लुगडं नव्हतं ते.

रामलालशेठनी हात पुढे केला, पण सदाशिवराव आधी वाकले. काठ त्यांनी दोन बोटांत धरला. मग पाचही बोटांत धरला. त्यांचा चेहरा मी पाहत होते. तासाला उत्तर न आलेल्या पोरासारखा झाला होता तो.

“हे कुठून आलं तुमच्याकडे?” त्यांनी विचारलं. आवाज हेडमास्तरांचा नव्हता.

“तुम्हाले मालूम हाये,” तुळसाबाई म्हणाली. तिचा आवाजही चढलेला नव्हता. “तुमच्या मायच्या मढ्यावरचं हाये. चितेवर ठेवाच्या पयले वरचं लुगडं काढून आमच्या सासूकडे फेकलं होतं मसनात. तवा थे आमचं काम होतं, अन् तोच आमचा हक. गावात कोणी बी मेलं का त्याच्यावरचा कपडा आमचा. सासूनं धुतलं, अन् याच्यात घातलं. माहे चार लेकरं याच्याखाली वाढले. छप्पन साली सोडलं आम्ही थे घेणं. कापूस येचून पयलं नवं लुगडं घेतलं, थे दोन वर्स नेसलं, अन् वरतून चढवलं. टाकवलं नाही म्हणून झाकलं. तुमाले परंपरा पाहाची होती ना मास्तर, थे हे अंदर होती. झाकून ठेवली होती म्या.”

याला आपल्याकडे हात दाखवून अवलक्षण म्हणतात, आणि तो हात सदाशिवरावांनी चारशे माणसांसमोर स्वतः पुढे केला होता.

“पहिल्या पगाराचं,” ते पुटपुटले. मला वाटतं ते फक्त मलाच ऐकू आलं. “नेसली नाही कधी. त्याच आठवड्यात...” मग ते सावरले. अध्यक्षांना सावरायला वेळ लागत नाही. ताठ झाले, माझ्याकडे वळले आणि म्हणाले, “लिहा. वय सिद्ध होत नाही. गोधडी अपात्र.”

मी लिहिलं. हो, लिहिलं. माझी नोकरी तात्पुरती होती आणि घरी खाणारी पाच तोंडं होती, हे कारण मी तेव्हा मनाशी सांगितलं आणि अजूनही सांगते. ते अजून मला पटलेलं नाही. नलूचा मांडीवरचा हात थांबला होता.

तुळसाबाईनं हिरवं लुगडं बाजूला काढलं, घडी घातली आणि सदाशिवरावांपुढं धरलं. “मंग हे तुमचं तुम्ही घ्या. वय नाही म्हणता तं आमच्यापाशी ठेवून काय करू.”

कुणी म्हणेल, ते नको म्हणाले असतील. मसनातलं कापड, पस्तीस वर्षं कुणाच्या घरात होतं, कोण शिवेल? मलाही तसंच वाटलं होतं. पण त्यांनी हात पुढे केले आणि ते दोन्ही हातांनी घेतलं. लाजेनं घेतलं की आईसाठी घेतलं, मला सांगता येणार नाही. दोन्ही असेल.

ते वळले तेव्हा मी म्हणाले, “सर, प्रदर्शनातली वस्तू बाहेर न्यायची तर पोच लिहून द्यावी लागते. नियम आहे.”

असा नियम नव्हता. तो मी त्याच क्षणी केला. चार बैठका बसून मीही काहीतरी शिकले होते.

त्यांनी माझ्या हातातला कागद घेतला, टेबलावर ठेवला आणि मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं: माझ्या मातोश्रींच्या अंगावरील हिरवे लुगडे, सौ. तुळसाबाई, सावरखेडा, यांच्या गोधडीतून मिळाले. मातोश्रींचे निधन, सन १९२६. खाली सही. सहीखाली त्या दिवसाची तारीख. सालाशिवाय पोच पुरी होत नाही हे त्यांनी तीस वर्षं पोरांना शिकवलं होतं. स्वतः ते कसं सोडणार? लुगडं काखेत घेऊन ते समितीच्या खुर्चीवर जाऊन बसले, आणि आपण काय लिहिलं हे त्यांना अजून उमगलेलं नव्हतं.

मी दोन्ही कागद घेऊन बीडीओ साहेबांकडे गेले. ते कोंबड्यांच्या पिंजऱ्यांपाशी होते. एक कागद म्हणत होता, वय सिद्ध होत नाही. दुसरा म्हणत होता, सन १९२६. दोन्हींवर सही एकाच माणसाची. साहेबांनी दोनदा वाचलं.

“पस्तीस वर्षं झाली की,” ते म्हणाले. “नियम किती आहे?”

“पंचवीस.”

“मग अडलं कुठं?”

मी व्याख्येचा कागद दाखवला. साहेब ‘न वापरलेली’पाशी थांबले. “पंचवीस वर्षं जुनी आणि न वापरलेली? हे कुणी लिहिलं?” मी म्हटलं, समितीनं. त्यांनी लाल पेन्सिल काढून ते दोन शब्द खोडले. “आणि उसवली कुणी?” तेही समितीनंच, मी म्हटलं. “मग समितीच्या चुकीसाठी त्या बाईचं बक्षीस कशाला अडवता? उद्या वर्तमानपत्रात आलं तर मला विचारतील. द्या पटकन आणि मोकळे व्हा. आमदार चार वाजता कोंबड्या बघायला येणार आहेत.” न्यायबुद्धी, भीती आणि कोंबड्या यांतलं कुठलं कामाला आलं ते मी आजवर शोधत बसलेले नाही.

बक्षीस अध्यक्षांच्याच हस्ते द्यायचं होतं. पत्रिकेत तसं छापलेलं होतं आणि पत्रिका बदलायला वेळ नव्हता. नाव पुकारलं तेव्हा सदाशिवरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी पोचेचा कागद पुढे केला. त्यांनी तो वाचला आणि स्वतःची सही पाहिली. माझ्यावर ते चिडले असतील, पुढं बदलीही झाली माझी, पण त्या वेळी त्यांनी लुगडं खुर्चीवर ठेवलं आणि ते उठले.

मशीन लाकडी पेटीत होतं, आत सगळं लोखंड. सदाशिवरावांनी पेटी उचलली आणि नलूपुढं धरली. नलूनं दोन्ही हातांनी कवटाळली, पण त्यांनी आपला हात सोडताच तिचा डावा पाय लटपटला. ती पडली असती. त्यांना पुन्हा पेटी धरावी लागली. आता त्यांना ती सोडता येईना आणि नलू तर सोडायला तयारच नव्हती. मंडपात बैलगाड्यांना बंदी होती. नलूचा बाप गोविंदा रस्त्यावर गाडी जुंपून उभा होता. तिथवर शंभर पावलं तरी असतील. एका बाजूनं नलू, दुसऱ्या बाजूनं हेडमास्तर, मधे पेटी, असे ते दोघं निघाले. ती पाय ओढत चालायची आणि तिच्या चालीनंच त्यांना चालावं लागायचं. ज्यांच्याकडे लांबून कापड फेकायची रीत होती त्यांच्या पोरीला काही हातातून हातात द्यायला एवढा वेळ लागतो, हे मी पहिल्यांदाच पाहत होते. लोक बाजूला होऊन वाट देत होते.

तुळसाबाई पुढं होऊन गाडीजवळ थांबली होती. काखेत गोधडीचे सुटे थर, मानीबाईनं कडेनं घाईघाईत टाचून दिलेले. गाडीच्या धुरेशी पोचता पोचता सदाशिवरावांच्या हाताला रग लागली आणि पेटी कलली.

“हळू मास्तर,” तुळसाबाई म्हणाली. “नवं हाये थे.”